घराची किल्ली कोणाकडे ठेवली आहे? : मराठवाड्यातील ग्रामसभांना खुले पत्र

प्रति,
मराठवाड्यातील सर्व ग्रामपंचायतींचे सरपंच व सदस्य, पोलीस पाटील आणि ग्रामसभेतील सर्व स्त्री-पुरुष मतदार यांस,

विषय : कारागृहातून सुटून गावी परतणाऱ्या माणसांबाबत

सप्रेम नमस्कार विनंती विशेष.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक आहे. निवृत्तीनंतरची नऊ वर्षे मी आठवड्यातून एक दिवस कारागृहातील साक्षरता वर्गावर जात आलो. मुळाक्षरे शिकवण्यासाठी गेलो होतो, पण प्रत्यक्षात बंद्यांची पत्रे लिहून देण्याचे कामच माझ्याकडे जास्त आले. ज्याला लिहिता येत नाही, तो शेजारी मांडी घालून बसतो, थोडा वेळ गप्प राहतो आणि मग सांगू लागतो. अशी शेकडो पत्रे लिहिल्यानंतर, सुटल्यावर काय करायचे याविषयी माणूस आत बसून काय योजत असतो, हे मला बऱ्यापैकी समजले आहे. ही माणसे सुटून तुमच्याच गावांत येतात. त्यांनी पत्रांतून मांडलेल्या गोष्टी खऱ्या होतात की पहिल्या पंधरवड्यातच मोडतात, हे बहुतेक वेळा गावावर अवलंबून असते, आणि म्हणून हे पत्र शासनाला न लिहिता तुम्हाला लिहीत आहे.

कारागृहांच्या कायद्याविषयी लिहायला हवे, हे मला मान्य आहे. 1894 सालच्या इंग्रजी अमलातील कायद्यावर आपली कारागृहे सव्वाशे वर्षांहून अधिक काळ चालली आणि 2023 मध्ये केंद्राने राज्यांपुढे नवा आदर्श कायदा ठेवला. त्या पातळीवरचे बदल त्यांच्या गतीने होतील. गावाच्या हातात असलेल्या गोष्टी मात्र पुढच्या ग्रामसभेत ठरू शकतात.

आधी आतल्या माणसाविषयी सांगतो. बाहेर आपण सगळ्यांना सरसकट कैदी म्हणतो, पण आत कच्चा आणि पक्का असे दोन वेगळे लोक राहतात. ज्याचा खटला अजून चालू आहे तो कच्चा, म्हणजे न्यायाधीन बंदी, आणि ज्याला शिक्षा लागली तो पक्का. 2022 च्या अखेरीस देशातील कारागृहांत 5,73,220 बंदी होते आणि त्यांपैकी 4,34,302 न्यायाधीन होते, म्हणजे दर चार जणांमागे तीन जणांचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नव्हता. या दोघांची आशाही वेगळ्या जातीची असते. कच्च्याचे सगळे आयुष्य पुढच्या तारखेवर टांगलेले असते. तारीख आली की तो कपडे धुऊन वाळत घालतो, पिशवी भरून ठेवतो, शेजाऱ्याला साबणाची वडी देऊन टाकतो आणि संध्याकाळी पुढची तारीख घेऊन त्याच जागेवर येऊन बसतो. पूर्वी तारखेला न्यायालयात नेत तेव्हा गाडीच्या जाळीतून बसस्थानक, उसाच्या रसाचे गुऱ्हाळ, कोणाचे तरी लहान मूल असे काहीतरी दिसायचे. आता पुष्कळ तारखा व्हीसीवर, म्हणजे पडद्यावर होतात आणि तेवढे दिसणेही कमी झाले आहे. असा माणूस बेत आखू शकत नाही. उद्या सुटलो तर सगळे पहिल्यासारखे होईल, एवढीच त्याची आशा असते. ती फार मोठी असते आणि तिला आकार नसतो.

पक्क्याचे तसे नसते. त्याच्याकडे हिशोब असतो. माझ्या वर्गातील एक जण पाटीवर अंक गिरवायला शिकला तो केवळ माफीचे, म्हणजे शिक्षेतून कमी होणारे, दिवस स्वतः मोजता यावेत म्हणून. चांगल्या वर्तनाची माफी, कामाची माफी, भोगलेले दिवस, रजेचे दिवस हे सगळे त्याने वहीच्या शेवटच्या पानावर मांडले होते आणि दर महिन्याला तो ती बेरीज मला तपासायला देत असे. अशा माणसाची आशा लहान होत जाते, पण ती पक्की असते. शिक्षेच्या पहिल्या वर्षी तो ट्रॅक्टर घेण्याचे बोलतो, पाचव्या वर्षी दोन शेळ्यांचे बोलतो आणि दहाव्या वर्षी म्हणतो, "मास्तर, अंगणात बाज टाकून झोपायचं, बस्स." बाहेरच्याला वाटेल की हा माणूस खचला. मला तसे वाटत नाही. जे आपल्याला आता मिळू शकत नाही ते त्याने एकेक करून खाली ठेवलेले असते आणि जे हातात येईल तेवढेच धरून ठेवलेले असते. यासाठी फार मोठे बळ लागते आणि ते मी अनेकांत पाहिले आहे.

बाजेची गोष्ट आली म्हणून एका माणसाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण त्यात या पत्राचा बराचसा अर्थ आला आहे. कारागृहात संध्याकाळचे जेवण दिवसाउजेडी होते आणि सूर्य मावळायच्या सुमारास सगळ्यांना बराकीत बंद करतात. म्हणजे वर्षानुवर्षे माणूस उघड्यावर रात्र पाहत नाही. या माणसाने माझ्याकडून सलग तीन पत्रांत एकच वाक्य लिहून घेतले होते : बाज विणून ठेवा, मला चांदण्यात झोपायचे आहे. घरच्यांनी खरोखर नवी सुंभाची बाज विणून ठेवली. तो आला, जेवला, अंगणात आडवा झाला आणि त्याला झोप येईना. बराकीत रात्रभर दिवा चालू असतो, पहारा असतो, शंभर माणसांचा श्वास असतो. इतक्या वर्षांनी त्याच्या डोळ्यांना अंधाराची आणि कानांना शांततेची सवय उरली नव्हती. तो उठून ग्रामपंचायतीच्या विजेच्या खांबाखाली, उजेडात जाऊन बसला. दुसऱ्या रात्री बसला, तिसऱ्या रात्रीही बसला. चौथ्या दिवशी गावात चर्चा झाली की हा रात्री घरे हेरत बसतो, आणि पाचव्या दिवशी त्याला ठाण्यात बोलावणे आले. त्याने मला हे सांगितले तेव्हा तो रागावलेला नव्हता. तो एवढेच म्हणाला की मी उजेडात बसलो होतो, सगळ्यांना दिसत होतो, लपायचे असते तर अंधार होता. ज्या गावाने त्याला त्या खांबाखाली पाहिले, त्या गावातील एकानेही जवळ जाऊन "झोप येत नाही का रे?" एवढे विचारले नाही.

मी गावाला दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. गावाला माहीत नव्हते. सांगायचे ते हेच आहे की कारागृह माणसाच्या मनात एक आशा तयार करते आणि ती आशा पेलण्याची सवय त्याच वेळी काढून घेते. आत केव्हा उठायचे, केव्हा जेवायचे, केव्हा रांगेत बसून गिनती द्यायची हे सगळे दुसरा ठरवतो. दहा वर्षे एकही निर्णय न घेतलेल्या माणसाला पहिल्याच आठवड्यात शेताची वाटणी, मुलीची सोयरीक आणि सोसायटीचे थकीत कर्ज यांवर निर्णय घ्यावे लागतात. तो गोंधळतो, आणि आपण म्हणतो की हा बदलून आला, हा बोलत नाही, याच्या डोक्यात काहीतरी आहे. त्याच्या मनातले गाव तो आत गेला त्या दिवशीचे असते. मुलगी सहा वर्षांचीच असते, बांधावरचे बाभळीचे झाड तोडलेले नसते, आई चालती-फिरती असते. मुलाखतीला, म्हणजे आत भेटायला, येणारी माणसे वाईट बातम्या सांगत नाहीत, कारण जाळीपलीकडे वीस मिनिटांत कोणाचे मरण सांगायचे कसे, हे त्यांनाही कळत नाही.

केंद्रीय गृह मंत्रालयाच्या 2016 च्या आदर्श कारागृह नियमावलीत बंद्यांना दिल्या जाणाऱ्या रजेचे उद्देश सांगितले आहेत. कुटुंबाशी नाते टिकावे, सलग कारावासाच्या वाईट परिणामांपासून माणूस वाचावा आणि त्याच्या मनात विधायक आशा व जगण्याविषयी रस निर्माण व्हावा, असे ते उद्देश आहेत. शासनाच्या कागदात आशा हा शब्द आहे, हे मी प्रथम वाचले तेव्हा मला फार बरे वाटले होते. आपल्या राज्यात 1959 च्या नियमांनुसार ही रजा दोन प्रकारे मिळते. संचित रजा, म्हणजे फर्लो, ही शिक्षेच्या काळात हक्कासारखी साचत जाते, आणि अभिवचन रजा, म्हणजे पॅरोल, ही आजारपण किंवा अशाच तातडीच्या कारणासाठी मागावी लागते. रजेच्या अर्जावर पोलिसांचा अहवाल मागवला जातो आणि त्यासाठी गावात चौकशी होते. तुमचा संबंध इथे थेट येतो. "बंदी रजेवर आल्यास गावातील शांततेस बाधा येण्याची शक्यता आहे" हे एक वाक्य किती सहज सांगितले आणि लिहिले जाते, याचा विचार व्हावा. ज्या गावात खरोखर वैर पेटलेले आहे तिथे ते वाक्य लिहायलाच हवे. पण पुष्कळ ठिकाणी ते केवळ भानगड नको म्हणून येते, आणि आत बसलेल्या माणसाची वर्षाची आशा त्या एका ओळीत जाते. रजेसाठी जामीनदार लागतो. भावाने नकार दिला तर गावातील कोणी उभे राहायचे, हा प्रश्न पोलीस पाटलांनी आणि सरपंचांनी निदान विचारात घ्यावा. रजेवर येऊन वेळेवर परत गेलेला माणूस पुढे सुटतो तेव्हा गावाला नवखा राहत नाही आणि गावही त्याला नवखे वाटत नाही. सुटकेची ही तालीम आहे आणि ती गावातच होऊ शकते.

कागदांविषयी आता स्पष्ट विनंती करतो. शिधापत्रिकेच्या ई-केवायसीसाठी अंगठा मागितला जातो. आतल्या माणसाला दुकानावर येऊन अंगठा देता येत नाही, आणि तो परत येतो तेव्हा त्याचे नाव कमी झालेले असते. बँक खाते बंद पडलेले असते, मोबाईल क्रमांक दुसऱ्या कोणाच्या नावावर गेलेला असतो आणि ज्या आधारवर सगळे चालते त्याचा ओटीपी त्याच जुन्या क्रमांकावर जातो. वडील वारले असतील तर वारस नोंदीच्या वेळी "तो आत आहे, नंतर बघू" असे म्हणून भावांची नावे सातबाऱ्यावर चढतात. कायद्याने त्याचा हिस्सा जात नाही, पण तो मिळवण्यासाठी त्याला पुन्हा न्यायालयाची पायरी चढावी लागते, आणि ज्या बांधावरून पहिले भांडण झाले तोच बांध पुन्हा मधे येतो. आपल्याकडच्या किती खटल्यांचे मूळ हातभर जमिनीत आहे, हे तुम्हाला मी सांगण्याची गरज नाही. प्रत्येक ग्रामपंचायतीने आपल्या गावातील किती माणसे आत आहेत याची नोंद ठेवावी, फेरफाराच्या वेळी तलाठ्यांच्या ते निदर्शनास आणावे आणि सुटका जवळ आली की शिधापत्रिकेचा अर्ज आधीच तयार ठेवावा. कारागृहातील व्यक्तीला 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने वकील मोफत मिळतो, हेही त्याच्या घरी जाऊन सांगावे. घर विकून वकिलाची फी भरलेली कुटुंबे मला माहीत आहेत.

बायकांविषयी लिहिताना माझा हात जड होतो. पुरुष सुटला की निदान त्याची बायको किंवा आई दारात उभी असते. बाई सुटते तेव्हा सासरचे म्हणतात माहेरी जा आणि माहेरचे म्हणतात भावाच्या मुलींची लग्ने व्हायची आहेत. सहा वर्षांपर्यंतचे मूल आईजवळ आत राहू शकते. त्यानंतर ते नातेवाइकांकडे किंवा बालगृहात जाते. एका बाईने मला मुलाला पत्र लिहायला सांगितले आणि काय लिहू असे मी विचारल्यावर ती म्हणाली, "लिहा की आई दवाखान्यात आहे, असंच त्याला सांगितलेलं आहे." तिच्या सुटकेनंतरच्या आशेत घर, शेत, पैसा यांपैकी काही नव्हते. मुलाला खरे कधी आणि कसे सांगायचे, एवढेच होते. अलीकडे राज्यातील कारागृहांत गळाभेटीचा कार्यक्रम होतो आणि त्यात मुलांना जाळीशिवाय आईबापांना भेटता येते. तुमच्या गावात असे मूल असेल तर त्याला त्या भेटीला नेण्याची व्यवस्था शाळेच्या मास्तरांनी किंवा अंगणवाडी ताईंनी केली, तर परतणाऱ्या बाईला निदान एक माणूस ओळखणारे मिळेल. अशा मुलांसाठी बालसंगोपन योजनेचा अर्जही करता येतो.

पारधी वस्तीविषयी न लिहिता हे पत्र पुरे होणार नाही. 1871 च्या कायद्याने पारध्यांसारख्या जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या गेल्या. तो कायदा 1952 मध्ये रद्द झाला, पण गावाच्या नजरेतून तो गेला नाही. 3 ऑक्टोबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने कारागृहात जातीवरून कामे वाटण्याची पद्धत घटनाबाह्य ठरवली आणि बंद्यांच्या नोंदवहीतील जातीचा रकाना काढण्याचे आदेश दिले. आतल्या भिंतीला न्यायालयाने जे सांगितले ते बाहेरच्या वेशीला कोण सांगणार? वस्तीवरचा एक तरुण दोन वर्षांनी निर्दोष सुटला, तेव्हा मी त्याला आता काय करणार म्हणून विचारले. त्याचे उत्तर होते की गावात पुढची चोरी होईपर्यंत काम करीन. हा तरुण आळशी नव्हता, कडवटही नव्हता. त्याच्या आशेची मुदत त्याला अनुभवाने कळलेली होती. ज्या दिवशी गावात काही हरवेल आणि तरी कोणी त्याच्या पालावर जाणार नाही, त्या दिवशी त्याची ती मुदत वाढेल.

आता सर्वांत अवघड गोष्ट. ज्या घरातला माणूस मारला गेला, ज्या घराची लेक नासवली गेली, ते घरही त्याच गावात आहे आणि त्या घरालाही ग्रामसभेत बसायचे आहे. त्यांनी क्षमा करावी असे मी म्हणत नाही आणि तसे म्हणण्याचा अधिकार मला नाही. सुटणारा माणूस कोणत्या दिवशी येणार हे त्यांना आधी आणि सन्मानाने सांगितले जावे, पाणवठ्यावर किंवा एसटीच्या थांब्यावर त्यांची अचानक गाठ पडू नये, एवढी काळजी गावाने घ्यावी. बंद्याच्या मजुरीतील काही भाग पीडित कुटुंबासाठी वेगळा काढला जावा, असे सर्वोच्च न्यायालयाने 1998 मध्येच म्हटले आहे. आतली मजुरी बाहेरच्या रोजंदारीपेक्षा इतकी कमी असते की त्यातून फार काही होत नाही, पण अनेक बंद्यांनी मला विचारले आहे की त्या घरी काही पाठवता येईल का, आणि ते घेतील का. मी कोणालाही हो म्हणू शकलो नाही. हा प्रश्न मात्र त्यांच्या पत्रांत येतो, हे त्या घरांनाही ठाऊक असावे असे मला वाटते.

कामाचे थोडक्यात सांगतो. आत सुतारकाम, शिवणकाम, विणकाम, शेती शिकवली जाते. पैठणच्या खुल्या कारागृहात तर शिक्षा भोगणारी माणसे उघड्या रानात शेती करतात. नाथांच्या त्या गावात, घरी शिरलेल्या चोरांना एकनाथांनी जेवू घातल्याची कथा आजही सांगितली जाते. राज्य सहकारी बँकेने 1 मे 2022 पासून येरवड्यातील बंद्यांना 50 हजार रुपयांपर्यंत कर्ज देण्यास सुरुवात केली आणि त्या योजनेला जिव्हाळा असे नाव दिले. माणसाला आत असताना कर्ज देण्याइतका भरवसा बँक दाखवू शकते, तर गावातील दुकानदाराने त्याला शिलाई मशीनसाठी ओट्याची जागा द्यायला हरकत नसावी. नाहीतर त्याच्यापुढे एकच दार उघडे असते आणि ते ऊसतोडीच्या मुकादमाचे असते. मुकादम कोणाचा इतिहास विचारत नाही, तो उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो आणि कोयता देतो. कारागृहातून सुटलेला माणूस महिन्याच्या आत पुन्हा दुसऱ्याच्या हिशोबात बांधला जातो.

याच संदर्भात एक तातडीची बाब आहे. माझ्या वर्गातील एक जण सात वर्षांची शिक्षा पुरी करून येत्या पौषात सुटणार आहे. दसऱ्यानंतर त्याच्या गावातील ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रातील साखर कारखान्यांवर जातात. त्याची बायको आणि मोठा मुलगाही जातील, म्हातारे वडील दोन वर्षांपूर्वी वारले आणि पौषात त्याच्या घराला कुलूप असेल. हे त्याने स्वतःच हिशोब करून काढले आहे. मागच्या भेटीत त्याने मला पत्र लिहायला सांगितले, पण कोणाच्या नावाने लिहायचे हे त्याला ठरवता येईना. शेवटी तो म्हणाला, "गावच्या नावानं लिहा. घराची किल्ली कोणाकडे ठेवली आहे, एवढंच विचारा." गावाचे नाव इथे छापणे बरोबर नाही, ते पत्र मी त्या सरपंचांना टपालाने वेगळे पाठवले आहे. पण ऊसतोडीला जाणारी अशी गावे बीडपासून नांदेडपर्यंत पुष्कळ आहेत आणि पौषात सुटणारी माणसेही एकापेक्षा जास्त आहेत. तरी प्रत्येक ग्रामपंचायतीने टोळ्या निघण्यापूर्वी आपल्या गावापुरती चौकशी करावी आणि अशा घराची किल्ली ज्याच्याकडे राहील त्याचे नाव एका पोस्टकार्डावर लिहून आतल्या माणसाला कळवावे, ही विनंती.

कळावे,
आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक